गोंडाण्णांचं चिपाड

मापं घ्यायला ओढ्यावर मी गेलोच नव्हतो. क्षेत्रपुस्तिकेत, म्हणजे जागेवर घेतलेल्या मापांच्या वहीत, ओढ्याच्या तळाची जी मापं माझ्या अक्षरात आहेत, ती मी ऑफिसात पंख्याखाली बसून एका जुन्या नकाशावरून उतरवून काढली. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, साहेबांना नाही, आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या गोंडाण्णांनाही नाही. त्यांना मी सांगितलं ते अर्धंच.

आता लिहितोय, कारण या पावसाळ्यात पाणी गावात शिरलं नाही. शिरलं असतं तर माझी हिंमत झाली नसती, हेही खरंच.

मी सरकारी अभियंता. राहायला कळंब्यात, आणि काम नदीकाठच्या गावांना पुरापासून वाचवायच्या भिंती, घाट, नाले यांचं. पंचगंगेच्या काठचं एक गाव काही वर्षं माझ्याकडे होतं. त्याचं नाव लिहीत नाही, वाचणाऱ्यांतल्या निम्म्यांना ते कळेलच. त्या गावच्या बंधाऱ्यावर नदीची पातळी मोजायची पट्टी रंगवलेली आहे, पांढऱ्यावर काळे आकडे, फूट आणि इंच. ती वाचून वर कळवायचं काम कलगोंडा नावाच्या गृहस्थांकडे होतं. सगळं गाव त्यांना गोंडाण्णा म्हणे. उंच, वाळके, कपाळावर गंधाचं बोट, कमरेला टॉवेल घट्ट गुंडाळलेला. खात्यानं दिलेले गमबूट त्यांनी कधी पायात घातले नाहीत. पट्टीजवळच्या खोलीत ते भिंतीला टेकवून ठेवलेले असत आणि त्यांत दोन छत्र्या उभ्या असत.

पहिल्यांदा गेलो तेव्हा जीपमधूनच विचारलं, ‘‘पाणी किती आहे?’’

‘‘पावणं, कंच्या वक्ताचं?’’ ते म्हणाले.

‘‘आत्ताचं.’’

‘‘आत्ताचं अजून बघितलं न्हाय. धा वाजता बघितलेलं सांगू का?’’

मी साहेब आहे हे कळल्यावरही उत्तर बदललं नाही. फक्त ‘पावणं’चं ‘सायेब’ झालं. ते छत्री उघडून पायऱ्या उतरले, वाकून बघितलं, वर आले, घड्याळ बघितलं, आणि मगच आकडा सांगितला. इंचासकट.

न बघितलेलं त्यांना चालत नसे. कुणीही काहीही बातमी आणली की त्यांचा एकच प्रश्न असे: बघितलं का ऐकलं? लहानथोर कुणी सुटत नसे. एकदा ऐन पावसात एक जण मोबाइल नाचवत पळत आला.

‘‘आण्णा! राधानगरीचं सगळं दरवाजं उघडलं!’’

‘‘बघितलंस का ऐकलंस?’’

‘‘व्हाट्सपवर आलंय की!’’

‘‘मग व्हाट्सपवरच पळ. हितं पायऱ्या निसरड्या हायेत.’’

जैन कुटुंबातला माणूस. सूर्य बुडायच्या आत जेवण उरकणारा. पुराच्या ड्यूटीवर आम्ही बाकीचे वेळी-अवेळी वडापाव कोंबत असू, तर गोंडाण्णांचा डबा पाचच्या ठोक्याला उघडे. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी दोडका. बसायचं ते मात्र नदीकडे तोंड करून. ‘‘जेवताना तरी पाठ करा तिकडं,’’ असं मी एकदा म्हणालो. त्यावर ‘‘तिच्याकडं पाठ करायला मी सायेब हाय व्हय?’’ असं म्हणून ते स्वतःच खो खो हसले. मीही हसलो. तेव्हा हसू आलं होतं.

गावाला मात्र पट्टीपेक्षा भरवसा होता तो त्यांच्या म्हशीवर. चंद्री तिचं नाव, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून. पुराच्या दिवसांत तहसीलमधून सूचना येत, भोंगा वाजे, ग्रामपंचायतीची गाडी कर्ण्यावर ओरडत फिरे. लोक चहा पीत ऐकत बसत. पण गोंडाण्णांनी दावं सोडून चंद्रीला शाळेच्या माळाकडे चालवलं की गल्लीगल्लीतून एकच आवाज उठे, ‘‘आण्णाची म्हस निघाली!’’ आणि तासाभरात ट्रॅक्टरवर गाद्या, पेट्या, सिलिंडर चढलेले असत.

एका श्रावणात चंद्रीच्या पायाला काटा लागून सूज आली. गोंडाण्णा तिला घेऊन जनावरांच्या दवाखान्याकडे निघाले. दवाखाना माळावर, शाळेच्या शेजारीच. डॉक्टर सुई भरतायत तोवर मागे बघतात तर निम्मं गाव बोचकी घेऊन चढ चढतंय. त्यांच्याच गल्लीतल्या शांताक्का सगळ्यांत पुढे, डोक्यावर पिठाचा डबा. ‘‘आरं, पाय सुजलाय म्हशीचा!’’ हे ओरडून ओरडून गोंडाण्णांचा घसा बसला. त्या दिवसापासून म्हैस दुसऱ्या कशासाठी बाहेर काढली तर वेशीपर्यंत ते स्वतःच पुकारा करत जायचे, ‘‘दवाखान्याला चाललोय रं! पूर न्हाय!’’

म्हैस केव्हा सोडायची हे त्यांना कसं कळतं, हे मी एकदा विचारलं. त्यांनी मला गावामागच्या ओढ्याच्या पुलावर नेलं. खिशातून चिपाड काढलं, म्हणजे कडब्याच्या ताटाचा वीतभर वाळका तुकडा. ते पाण्यात टाकलं. चिपाड हळूहळू नदीच्या दिशेनं गेलं.

‘‘ह्ये असं नदीकडं गेलं की निवांत झोपायचं. हितंच उभं ऱ्हायलं की दावं ढिलं करायचं. आन् उलटं गावाकडं याय लागलं की म्हस सोडायची.’’ मग नदीकडे हात करून म्हणाले, ‘‘सायेब, समदी म्होरं बघत बसत्यात. पाणी म्होरनं येत न्हाय. ह्या ओढ्यातनं मागनं येतंय.’’

त्यानंतरच तो मोठा पूर आला. तो इथं सांगत बसत नाही, कोल्हापूरच्या माणसाला सांगायची गरज नाही. पूर ओसरला आणि सरकारनं पूरसंरक्षणाचे प्रस्ताव मागवले. या गावाचा प्रस्ताव माझ्याकडे आला. मुदत फारच थोडी होती.

गोंडाण्णा ऑफिसात आले. पिशवीत गुंडाळलेली दोनशे पानी वही त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. खात्याच्या नोंदवहीत फक्त पातळीचा रकाना असतो. या वहीत बाकीचं सगळं होतं: कितव्या फुटाला चिपाड थांबलं, कितव्या फुटाला उलटलं, पाणी कुणाच्या उंबऱ्याला किती वाजता लागलं. वर्षानुवर्षांचं. सगळं स्वतः बघितलेलं.

‘‘भिंत बांधा, नको म्हणत न्हाय,’’ ते म्हणाले. ‘‘पर ओढ्याचं तोंड आदी बघा. उद्या येतासा?’’

‘‘येतो,’’ मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. ओढ्याच्या तोंडापर्यंत पुरुषभर उंच ऊस उभा होता, खाली गुडघाभर चिखल, आणि संध्याकाळी फाइल पुढे जायची होती. मी जुना नकाशा काढला, मापं उतरवली, ओढ्यापुढे ‘स्थानिक निचरा, स्वतंत्र काम आवश्यक नाही’ असं लिहिलं. वही खणात टाकली. आठवड्यानं कळलं की त्या दिवशी गोंडाण्णांनी स्वतःच्या उसाची एक सरी कोयत्यानं आडवी करून माझ्यासाठी वाट केली होती. आणि दोघांचा डबा घेऊन दुपारपर्यंत उभे होते.

भेटल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘आलतासा का न्हाय?’’

‘‘येऊन गेलो नंतर. तुम्ही पट्टीवर होता,’’ मी म्हणालो.

‘‘बरं केलासा,’’ ते म्हणाले. त्या एकाच वेळी त्यांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

भिंत मंजूर झाली. पहिला हप्ता आला, पाया झाला. मग काम थांबलं, मजूर ऊसतोडीला गेले, उघड्या सळ्यांवर गावानं धुणं वाळत घातलं. पुन्हा निधी आला, पुन्हा थांबला. दर वेळी कुणीतरी मोठं माणूस येऊन नारळ फोडी. गोंडाण्णा म्हणाले, ‘‘एका भितीला तीन नारळ! देवळाला बी एकच फोडतोय आपण.’’ शांताक्का म्हणाल्या, ‘‘भितीचं कायबी हू दे, खोबरं तरी मिळालं की!’’ आणि कधीतरी भिंत पुरी झाली. देखणी होती. गावातली लग्नं ठरलेली मुलं-मुली तिच्यापुढे उभी राहून फोटो काढत.

पुढच्या पुरात नदी भिंतीला येऊन टेकली आणि तिथंच थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. मागच्या बाजूला, ओढ्यात, गोंडाण्णांचं चिपाड उलटं फिरलं होतं. चंद्री निघाली, म्हणून माणसं आणि जनावरं वाचली, एवढी एक गोष्ट त्या वर्षी बरी झाली. पाणी ओढ्यातून आत आलं, गल्ल्या भरल्या. मग नदी उतरली, पण आतलं पाणी उतरेना. पूर्वी ते रुंद काठावरून नदीकडे ओसरून जायचं. आता मध्ये माझी भिंत होती, आणि ओढ्याच्या अरुंद तोंडातून ते थेंबाथेंबानं चाललं होतं. बाहेर नदी खाली गेलेली, आणि आत आणखी चार दिवस तळं. मातीच्या भिंती एवढं भिजणं सोसत नाहीत. ओढ्याकडच्या गल्लीतली घरं एकेक करून बसली. शांताक्कांच्या घराची मागची भिंत चौथ्या दिवशी गेली.

मी छावणीत गेलो तेव्हा गोंडाण्णा शाळेच्या व्हरांड्यात कोरडी भाकरी खात होते. छावणीत सकाळ-संध्याकाळ बटाट्याची भाजी, आणि ते बटाटा खात नसत. मला बघून ते सरकून बसले. जागा केली.

चौकशी लागली. वरचे साहेब आले. मला विचारलं, ‘‘ओढ्यातून पाणी उलटं येतं हे माहीत नव्हतं? तिथं तुमचा निरीक्षक आहे ना?’’

मी म्हणालो, ‘‘त्यांच्या नोंदवहीत तसा उल्लेख नाही, साहेब.’’

वाक्य खरं होतं. खात्याच्या नोंदवहीत उल्लेख नव्हताच, तसा रकानाच नाही. दुसरी वही मी बसलो होतो त्याच टेबलाच्या खणात होती. माझा गुडघा त्या खणाला लागत होता.

अहवालात आलं: ‘निरीक्षकाने आवश्यक माहिती वेळीच दिली नाही.’ निवृत्तीला वर्ष राहिलेल्या गोंडाण्णांना पट्टीवरून काढून गोदामाच्या राखणीला बसवलं. पट्टीजवळ आपोआप पातळी कळवणारं यंत्र बसलं. गोंडाण्णांनी छत्री घेतली आणि ते गोदामावर गेले. गाव मात्र बोललं. शांताक्का तर तोंडावर म्हणाल्या, ‘‘तुझी म्हस काढायला बरं कळलं. सायबाला सांगायला कळलं न्हाय व्हय?’’ आणि त्यांनी गोंडाण्णांकडून दूध घेणं बंद केलं. समोरासमोर घरं, पण वर्षानुवर्षांचं बोलणं तुटलं.

मला बढती मिळाली. त्याबद्दल जास्त काही लिहीत नाही.

लिहायचं ते हे: दुसऱ्या टप्प्याचा प्रस्ताव मी स्वतः मागून घेतला. ओढ्याच्या तोंडावर लोखंडी झडप आणि आतलं पावसाचं पाणी उचलून बाहेर टाकायला पंप. या खेपेला मी गोंडाण्णांच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हणालो, ‘‘आण्णा, ओढ्यावर जायचंय.’’

त्यांनी कोयता घेतला. पहिली वाट कधीच बुजून गेली होती. त्यांनी पुन्हा सरी आडवी केली. दोन दिवस आम्ही चिखलात होतो. ते मापाची काठी धरायचे, मी आकडे घ्यायचो. उसाच्या पात्यांनी माझे हात सोलवटले. ‘‘लिंबू लावू नका, खोबरेल लावा,’’ एवढंच ते म्हणाले. तळाची खरी मापं जुन्या नकाशापेक्षा कितीतरी खाली होती. ती लिहिताना मी मध्येच थांबलो, तेव्हा त्यांनी काठी जरा घट्ट धरली. त्यांना वाटलं असेल मला आकडा दिसत नाही.

मान्यता, त्रुटी, पुन्हा मान्यता, निधी, अपुरा निधी. त्या फाइलीमागे मी जेवढा फिरलो तेवढा मुलीच्या कॉलेजप्रवेशासाठीही फिरलो नाही. सहकारी म्हणत, ‘‘काय सोन्याची आहे काय ती झडप?’’ दर वेळी गावात जाऊन सांगायचो, ‘‘आण्णा, पैसे आले.’’ ते विचारायचे, ‘‘बघितलंसा का ऐकलंसा?’’ बहुतेक वेळा ऐकलेलंच असायचं. शेवटी ट्रेलरवरून झडप आली. गोंडाण्णांनी तिच्याभोवती फेरी मारली, बिजागरीला बोट लावून बघितलं आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, ‘‘गोठ्याच्या दारावानी हाय. आतनं ढकललं की उघडतंय, भायेरनं ढकललं की मिटतंय. एवढंच!’’ दोन तासांच्या माझ्या सादरीकरणात हे कुणाला कळलं नव्हतं.

या पावसाळ्यात नदी पुन्हा चढली. मी सकाळीच गावात पोहोचलो. ओढ्याच्या पुलावर गर्दी होती. कुणी झडपेकडे बघत नव्हतं आणि पट्टीकडे तर नाहीच. सगळे गोंडाण्णांकडे बघत होते. गल्लीत बोचकी बांधून तयार होती. शांताक्का नव्या बांधलेल्या घराच्या पायरीवर पिठाचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

नदीनं झडपेला ढकलल्याचा आवाज आला, जड, बंद. पंप सुरू झाला. गोंडाण्णांनी खिशातून चिपाड काढून पाण्यात टाकलं.

ते थांबलं. तिथंच उभं राहिलं. दावं ढिलं करायची ही खूण मला पाठ होती. गोंडाण्णा कठड्याला टेकून बघत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. चिपाड गावाकडे फिरलं नाही. मग पंपाच्या ओढीनं ते सावकाश झडपेकडे सरकायला लागलं.

त्यांनी घड्याळ बघितलं, घरी गेले, आणि चंद्रीपुढे वैरणीची अख्खी पेंढी सोडली. दावं तसंच ठेवलं.

तेवढ्यानं गाव मोकळं झालं. कुणीतरी शिट्टी मारली. शांताक्कांनी डबा आत नेला. बोचकी सोडल्याचा, भांडी पुन्हा फळीवर मांडल्याचा आवाज घराघरातून यायला लागला. मी गोठ्याच्या चौकटीला धरून उभा होतो. कितीतरी वर्षांनी छातीत हवा नीट भरत होती.

तिथंच मी बोललो. ‘‘आण्णा, चौकशीच्या वेळी तुमची वही माझ्या खणात होती. मी दाखवली नाही.’’

ते म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होते. हात थांबला नाही.

‘‘भिजली न्हाय न्हवं?’’

मला कळेना. ‘‘कोण?’’

‘‘वही. त्या पुरात घरातली समदी कागदं गेली माजी. सात-बारा बी लगदा झाला. वही तुमच्याकडं होती म्हणून ऱ्हायली.’’ मग माझ्याकडे वळले. आवाज चढला. ‘‘पर ह्ये मला सांगून काय उपेग, सायेब? मी सांगितलतं ह्ये मला ठावं हाय की! ज्यांस्नी ठावं न्हाय त्यांस्नी सांगा.’’

मी मान हलवली.

‘‘आन् ओढ्यावर? तवा येऊन गेलो म्हणालतासा.’’ त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. ‘‘ओढा बघितलातासा का ऐकलातासा?’’

त्यांनी थोडा वेळ वाट बघितली, मग बादली उचलली आणि दूध काढायला बसले. त्या प्रश्नाचं उत्तर मी या लेखाच्या पहिल्या ओळीत दिलं आहे.

तसाच रस्ता ओलांडून मी शांताक्कांच्या पायरीशी गेलो आणि वहीचं सांगितलं. गल्लीतली चार माणसं ऐकत होती.

‘‘तुमी व्हय?’’ त्या म्हणाल्या. माझ्याकडे एवढा वेळ बघत राहिल्या की मी नजर खाली घातली. शिव्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या आत गेल्या, दुधाची कासंडी घेऊन बाहेर आल्या, मला वळसा घालून रस्ता ओलांडला आणि गोंडाण्णांच्या दारात जाऊन ओरडल्या, ‘‘एक लिटर दे रं! आन् पाणी घालू नगंस!’’

‘‘बघितलंस का ऐकलंस?’’ आतून आवाज आला.

दिवाळीनंतर गोंडाण्णा नेसरीला लेकीकडे राहायला गेले. मी त्या दिवशी झडपेची बिजागरी बघायला गावात होतो. ग्रीस दर महिन्याला लावायचं असं त्यांनी बजावलं होतं. टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी जागा होती, पण ते मागे चंद्रीजवळ उभे होते, एक हात तिच्या पाठीवर. टेम्पो गल्लीतून निघाला तशी दारादारात माणसं आली. गोंडाण्णांनी टॉवेल सोडून हलवला आणि वेशीपर्यंत ओरडत गेले, ‘‘लेकीकडं चाललोय रं! पूर न्हाय! पूर न्हाय!’’

वही अजून माझ्याकडे आहे. ती फाइलीला लावा असं ते जाताना सांगून गेलेत. चौकशीच्या अहवालात त्यांच्या नावापुढचं ते वाक्य अजून तसंच आहे. ती मापं मी बसल्या जागी लिहिली आणि निरीक्षकानं सगळं वेळेवर सांगितलं होतं, असं माझ्या सहीचं एक पानाचं पत्र मी खात्याला देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.